'आरव' नावाचा अर्थ काय? 'शांत' की 'आवाज'? आणि हे नाव एवढं लोकप्रिय कसं झालं?

बाळाचं नाव ठरवायचं असलं की घरात आधी एक व्हॉट्सअॅप ग्रुप तयार होतो. आत्या पाच नावं पाठवते, मावशी दहा पाठवते, मामा एखाद्या संकेतस्थळाची लिंक टाकून मोकळा होतो. या याद्यांमध्ये गेली पंधरा-वीस वर्षं एक नाव हमखास वरच्या ओळीत दिसतं, ते म्हणजे आरव.

नावासमोर अर्थही लिहिलेला असतो. एका ठिकाणी 'शांत', दुसऱ्या ठिकाणी 'मधुर आवाज', तिसऱ्या ठिकाणी 'सूर्याचा पहिला किरण', चौथ्या ठिकाणी 'ज्ञानी'. आता एकच शब्द 'शांत' आणि 'आवाज' असे दोन्ही अर्थ कसा काय देईल? यातला खरा कोणता? मुलाला उद्या शाळेत कुणी विचारलं, "तुझ्या नावाचा अर्थ काय?", तर त्याने काय सांगायचं?

चला, हा गोंधळ एकदाचा सोडवूया.

थोडक्यात उत्तर

संस्कृतमध्ये 'आरव' म्हणजे आवाज, नाद, ध्वनी, आरोळी. 'शांत' हा त्याचा अर्थ नाही. 'शांत, निःशब्द' यासाठी 'नीरव' आणि 'अरव' हे शब्द आहेत. 'अरव' मधला पहिला अ ऱ्हस्व आहे, 'आरव' मधला आ दीर्घ आहे, आणि गोंधळाचं मोठं कारण बहुधा इथेच दडलेलं आहे.

आता हे जरा सविस्तर पाहू.

'आरव' शब्द तयार कसा झाला?

संस्कृतमध्ये 'रु' नावाचा धातू आहे. धातुपाठात त्याचा अर्थ 'शब्द करणे', म्हणजे आवाज करणे असा दिला आहे. या धातूपासून 'रव' हा शब्द बनतो. रव म्हणजे आवाज. पक्ष्यांच्या गोड किलबिलाटाला आपण 'कलरव' म्हणतो, त्यातला 'रव' हाच.

या 'रव'च्या आधी 'आ' हा उपसर्ग लागला की होतो 'आरव'. याचंच दुसरं रूप आहे 'आराव'. ही दोन्ही रूपं बरोबर आहेत हे पाणिनीनेच सांगून ठेवलंय. अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायातल्या तिसऱ्या पादात 50 व्या क्रमांकाचं एक सूत्र आहे. 'आ' उपसर्गानंतर 'रु' आणि 'प्लु' हे धातू आले, तर शब्द दोन प्रकारे तयार होऊ शकतो, असा त्याचा आशय. म्हणून 'आरव' आणि 'आराव', 'आप्लव' आणि 'आप्लाव' अशा जोड्या मिळतात.

अमरकोश हा संस्कृतमधला प्रसिद्ध पर्यायशब्दांचा कोश. पूर्वी पाठशाळेत मुलं तो तोंडपाठ करायची. त्यात 'आवाज' या अर्थाच्या शब्दांची मोठी यादी आहे. निनाद, ध्वनी, स्वन, नाद, निर्घोष या शब्दांच्या रांगेत आरव, आराव, संराव आणि विराव हेही बसलेले आहेत. म्हणजे 'आरव'चा अर्थ काय, याचं उत्तर शेकडो वर्षांपूर्वीच्या कोशात स्पष्ट आहे.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. कोशातला 'आरव' हा फक्त 'आवाज' आहे. तो गोड असतोच असं नाही. मेघांचा गडगडाट, प्राण्यांची डरकाळी, माणसांचा आक्रोश, लढाईतली आरोळी, या सगळ्यांसाठी हा शब्द चालतो. त्यामुळे याद्यांमधला 'मधुर संगीत' हा अर्थसुद्धा थोडा साखर घालून दिलेला आहे. पण तो 'शांत'सारखा उलट्या दिशेचा नाही, एवढं खरं.

पुरावा हवाय? कोंबड्याला विचारा!

संस्कृत कोश उघडायचा कंटाळा येत असेल, तर मराठी माणसाला याहून सोपा पुरावा आहे. पहाटे कोंबडा काय करतो?

कोंबडा आरवतो.

कुत्रा भुंकतो, गाय हंबरते, घोडा खिंकाळतो, चिमणी चिवचिवते आणि कोंबडा आरवतो. 'आरवणे' हे मराठी क्रियापद याच कुळातलं. 'आ' आणि 'रु' यांच्यापासून आलेलं, मोठ्याने आवाज करणं या अर्थाचं. हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. झाकलं तरी कोंबडं आरवायचं राहत नाही, असं म्हणतोही. पण आरव हे नाव ऐकताना कोंबडा डोळ्यांसमोर येत नाही, कारण नाव आपल्यापर्यंत गावातून आलेलं नाही, ते मोबाइलवरच्या यादीतून आलेलं आहे.

गंमत म्हणजे ज्यांच्या घरी अजून आजी-आजोबा आहेत, तिथे हा मुद्दा पहिल्याच दिवशी निघतो. "आरव? म्हणजे कोंबड्यासारखा?" असं आजीने विचारलं की नातवाच्या आईबाबांना राग येतो. पण भाषेच्या दृष्टीने आजीचं बरोबर असतं.

मग 'शांत' हा अर्थ आला कुठून?

हा अर्थ पहिल्यांदा कुणी लिहिला हे शोधून काढणं अवघड आहे. पण तो का पसरू शकला, याची कारणं शब्दांतच दिसतात.

पहिलं कारण 'अरव' आणि 'आरव' यांची गल्लत. संस्कृतमध्ये शब्दाच्या आधी ऱ्हस्व 'अ' लावला की बहुतेक वेळा नकार तयार होतो. ज्ञान आणि अज्ञान, शांत आणि अशांत, न्याय आणि अन्याय. त्याच नियमाने रव म्हणजे आवाज, आणि अरव म्हणजे ज्याला आवाज नाही तो, निःशब्द. देवनागरीत अरव आणि आरव यांच्यात एका काना इतकाच फरक आहे, पण अर्थ एकदम उलटे आहेत.

आता हेच नाव इंग्रजीत लिहून पाहा. सुरुवातीला एकच 'ए' लिहिला, तर तो 'अरव'ही वाचता येतो आणि 'आरव'ही. नावांच्या बहुतेक याद्या आधी इंग्रजीत बनल्या आणि मग तिथून मराठी-हिंदीत आल्या. या ये-जा करण्यात काना हरवला किंवा वाढला, आणि अर्थ मात्र जुनाच चिकटून राहिला, असं होणं अगदी शक्य आहे.

दुसरं कारण 'नीरव'. नीरव म्हणजे ज्यातून रव निघून गेलाय असा, शांत. 'नीरव शांतता' हा शब्दप्रयोग मराठीत सगळ्यांच्या ओळखीचा आहे. 'आरव' आणि 'नीरव' ही नावं कानाला जुळी वाटतात. एकाचा अर्थ दुसऱ्याच्या नावावर जमा व्हायला वेळ लागत नाही.

तिसरं कारण म्हणजे कॉपी-पेस्ट. एका यादीतून दुसरी यादी, दुसरीतून तिसरी, तिसरीतून रील. कुणीच कोश उघडून पाहत नाही. दहा ठिकाणी एकच अर्थ दिसला की आपल्याला तो खरा वाटतो. प्रत्यक्षात त्या दहाही ठिकाणांचा उगम एकच चूक असू शकतो.

'सूर्याचा पहिला किरण' हा अर्थही असाच कुठून तरी आलेला. सूर्याला 'रवी' म्हणतात, पहाटेच्या लालीला 'अरुण' म्हणतात. या शब्दांशी 'आरव'चं ध्वनिसाम्य आहे, पण कोशात 'आरव'चा अर्थ किरण असा मिळत नाही. हां, सूर्याच्या पहिल्या किरणाबरोबर कोंबडा आरवतो, एवढाच काय तो संबंध लावता येईल!

पण उपसर्गाने अर्थ बदलतो ना?

हा प्रश्न कमेंटमध्ये नक्की येईल, म्हणून आधीच पाहू.

उपसर्ग लागला की धातूचा अर्थ बदलू शकतो, हे अगदी बरोबर. 'हृ' या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार आणि उपहार असे किती वेगवेगळे शब्द झाले ते पाहा. 'आ' उपसर्ग तर कधीकधी दिशाच उलटी करतो. 'गमन' म्हणजे जाणं आणि 'आगमन' म्हणजे येणं. मग 'रव' म्हणजे आवाज आणि 'आरव' म्हणजे शांतता, असं का होऊ नये?

तर्क म्हणून हे छान आहे. पण शब्दाचा अर्थ शेवटी वापरावरून ठरतो. 'आरव' हा शब्द आवाजाच्या अर्थाने वापरला गेला, कोशकारांनी तोच अर्थ नोंदवला आणि मराठीतलं 'आरवणे'सुद्धा तेच सांगतं. त्यामुळे इथे 'आ' उपसर्गाने अर्थ उलटा केलेला नाही, उलट आवाज जरा भरून, सगळीकडे पसरणारा केलाय असं म्हणता येईल.

रावणाशी संबंध आहे का?

हा प्रश्न ऐकून पालक दचकतात, पण उत्तर गमतीशीर आहे. 'रावण' हे नावही परंपरेने 'रु' याच धातूशी जोडलं जातं. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात कथा आहे. रावण कैलास पर्वत उचलायला जातो, शंकर पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबतात, रावणाचे हात खाली अडकतात आणि तो अशी आरोळी ठोकतो की तिन्ही लोक हादरतात. या आरोळीवरून शंकर त्याला 'रावण' हे नाव देतात.

मग आरव आणि रावण एकाच घरातले झाले का? धातू एक असला म्हणजे अर्थ आणि स्वभाव एक होत नाही. वर पाहिलंच, आहार आणि संहार एकाच धातूतून आलेत. म्हणून कुणी जेवायचं थांबत नाही. त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

'आरव' हे देवाचं नाव आहे का?

काही याद्यांमध्ये 'आरव' हे विष्णूचं, तर काहींमध्ये गणपतीचं नाव असल्याचं लिहिलेलं असतं. विष्णुसहस्रनामात 'आरव' हे नाव येत नाही. रामायण-महाभारतातला कुणी प्रसिद्ध नायक किंवा ऋषीही या नावाने ओळखला जात नाही. 'आरव' हा संस्कृतमधला जुना शब्द आहे, पण व्यक्तीचं नाव म्हणून तो नव्या काळातलाच म्हणायचा.

यात कमीपणा काही नाही. समीर म्हणजे वारा, सागर म्हणजे समुद्र, प्रकाश म्हणजे उजेड. निसर्गातल्या गोष्टींवरून नावं ठेवायची पद्धत आपल्याकडे आहेच. आरव म्हणजे आवाज, हेही त्याच रांगेत बसतं.

'गौरव', 'सौरव' आणि 'आरव' एकच का?

नाही. शेवटी 'रव' ऐकू येतो म्हणून ती एका कुटुंबातली ठरत नाहीत. 'गौरव' हा शब्द 'गुरु' पासून बनलाय. गुरु म्हणजे मोठा, वजनदार. त्याचा मोठेपणा म्हणजे गौरव. 'सौरव' हे 'सौरभ'चं बंगाली वळणाचं रूप, आणि सौरभ म्हणजे सुगंध. 'कौरव' म्हणजे कुरूचे वंशज. या तिघांतही आवाजाचा काही संबंध नाही.

मुलींसाठी 'आरवी' हे नावही अलीकडे ठेवलं जातं. ते 'आरव' वरूनच तयार केलेलं नवं रूप आहे, त्यामुळे तिथेही 'शांती' हा अर्थ लागू होत नाही. आणि लिहिताना 'र'चा रफार झाला तर होतं आर्वी, जे वर्धा जिल्ह्यातल्या तालुक्याचं गाव आहे!

हे नाव एवढं लोकप्रिय कसं झालं?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा विभाग आणि इंग्लंड-वेल्समध्ये तिथलं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय दरवर्षी बाळांच्या नावांची अधिकृत यादी जाहीर करतं. कोणतं नाव किती मुलांना ठेवलं, हे तिथे आकड्यांत कळतं. भारतात दरवर्षी अशी सरकारी यादी येत नाही. त्यामुळे 'भारतातलं नंबर एकचं नाव' असं जे लिहिलं जातं, ते बहुतेक वेळा एखाद्या पालकत्वविषयक संकेतस्थळाने आपल्याच वापरकर्त्यांच्या नोंदींवरून काढलेलं असतं. तिथे शहरी, इंग्रजी वाचणारे पालक जास्त असतात, हे ध्यानात ठेवायला हवं.

तरीही 2010 च्या दशकात अशा याद्यांमध्ये 'आरव' सातत्याने वरच्या जागी होतं, आणि त्याच दशकात अमेरिकेच्या अधिकृत यादीतही ते पहिल्या हजार नावांत होतं. तिथल्या भारतीय पालकांमुळे हे झालं हे उघड आहे. आपल्याकडे बालवाडीत गेलात तर यादीची गरजही लागत नाही. बाईंनी "आरव" अशी हाक मारली की दोन-तीन माना वळतात, आणि मग आडनावाचं पहिलं अक्षर जोडावं लागतं.

यामागची कारणं बघू.

पहिलं, सिनेमा. अभिनेता अक्षय कुमार आणि ट्विंकल खन्ना यांना 2002 मध्ये मुलगा झाला आणि त्याचं नाव आरव ठेवलं गेलं. तोवर हे नाव फारसं कानावर पडत नव्हतं. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमधून आणि टीव्हीवरून ते घराघरांत पोचलं. फक्त यामुळेच नाव वाढलं असं म्हणता येणार नाही, पण ओळख व्हायला मोठा हातभार लागला.

दुसरं, उच्चार. आरवमध्ये एकही जोडाक्षर नाही. मराठी, हिंदी, गुजराती, कन्नड, कुठल्याही भाषेत ते जवळपास तसंच उच्चारलं जातं. 'ज्ञानेश्वर' किंवा 'हृषीकेश' इंग्रजीत लिहिताना जी कसरत होते, ती इथे नाही. परदेशात राहणाऱ्या पालकांना तर हे फार सोयीचं वाटतं.

तिसरं, लांबी. आधीच्या पिढ्यांची नावं आठवून पाहा. पणजोबांच्या पिढीत विठ्ठल, पांडुरंग, दत्तात्रय. आजोबांच्या पिढीत वसंत, प्रभाकर, मधुकर. मग सुरेश, रमेश, अशोक, प्रकाश. त्यानंतर सचिन, अमोल, राहुल, संतोष. पुढे ओंकार, अक्षय, शुभम, अनिकेत. आणि आता आरव, अर्णव, अथर्व, विहान. देवाच्या लांब नावांकडून छोट्या, सुटसुटीत नावांकडे आपण आलो. पूर्वी पांडुरंगचा 'पांडू' आणि दत्तात्रयचा 'दत्तू' व्हायचा. आरवचं आणखी छोटं करायला जागाच नाही.

चौथं, 'अ'ची ओढ. आरव, आरुष, आर्यन, आयुष, अर्णव, अद्वैत. नावांच्या याद्या वर्णानुक्रमाने असतात, त्यामुळे 'अ' आणि 'आ'ची नावं आधी दिसतात. कंटाळून यादी मध्येच सोडणारे पालक 'ह' आणि 'श'पर्यंत पोचतच नाहीत.

पाचवं, नाव कुठल्याही एका प्रांताचं किंवा जातीचं वाटत नाही. आंतरजातीय किंवा दोन भाषांच्या घरात ते दोन्हीकडच्या आजी-आजोबांना चालून जातं.

आणि सहावं कारण म्हणजे 'शांत' हा चुकीचा अर्थच! आपलं बाळ शांत, गुणी असावं असं कुणाला वाटत नाही? अर्थ आवडला म्हणून नाव ठेवलं, असं सांगणारे पालक तुम्हालाही माहीत असतील.

रास आणि नावाचं अक्षर

पत्रिका पाहून नाव ठेवणाऱ्यांसाठी माहिती अशी. अवकहडा चक्रानुसार 'अ' हे अक्षर कृत्तिका नक्षत्राच्या पहिल्या चरणाचं, आणि हा चरण मेष राशीत येतो. म्हणून याद्यांमध्ये आरवची रास मेष लिहिलेली असते. पण इथेही एक गफलत होते. रास ठरते ती जन्मवेळच्या चंद्राच्या स्थानावरून, नावावरून नाही. आरव नाव ठेवलं म्हणून कन्या राशीचं बाळ मेष राशीचं होत नाही. शिवाय अनेक घरांत पत्रिकेतलं नाव वेगळं आणि हाक मारायचं नाव वेगळं अशी पद्धत आहेच.

'या नावाची मुलं हुशार असतात, रागीट असतात, त्यांचा शुभ अंक अमुक' हा जो मजकूर अर्थाखाली असतो, त्याला भाषेचा कुठलाही आधार नाही. तो करमणूक म्हणून वाचावा.

नावाचा अर्थ खरा आहे का, हे कसं तपासायचं?

हे फक्त आरवपुरतं नाही. 'रेयांश'चंच घ्या. 'अंश' म्हणजे भाग हे खरं, पण 'रेय' म्हणजे किरण हा अर्थ संस्कृतमधला नाही. तो इंग्रजी 'रे' या शब्दाशी जुळवलेला दिसतो. 'कियान' हे नाव फारसी परंपरेतलं, इराणच्या प्राचीन कयानी राजांशी जोडलेलं. ते ठेवायला काहीच हरकत नाही, पण यादीत ते संस्कृत म्हणून दिलेलं असतं. दुसरीकडे 'अर्णव' म्हणजे समुद्र, 'नीरव' म्हणजे शांत, 'सोहम्' म्हणजे 'तो मी आहे', हे अर्थ चोख आहेत.

तपासायचं असेल तर एवढं करा.

एक, नाव आधी देवनागरीत नीट लिहा. ऱ्हस्व-दीर्घ, काना, जोडाक्षर सगळं पक्कं करा. इंग्रजी स्पेलिंगवरून अर्थ शोधू नका.

दोन, कोश उघडा. वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश 1890 मध्ये प्रसिद्ध झाला. आपटे मूळचे सावंतवाडी भागातले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. मोनियर विल्यम्स यांचा कोशही प्रसिद्ध आहे. हे दोन्ही इंटरनेटवर मोफत शोधता येतात. मराठी शब्दासाठी मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे.

तीन, तो शब्द मराठीत दुसऱ्या कुठल्या रूपात वापरतो का ते आठवा. कोंबडा आरवतो हे आठवलं असतं, तर 'शांत' या अर्थावर लगेच शंका आली असती.

चार, शाळेतल्या संस्कृतच्या शिक्षकांना एक फोन करा. पाच मिनिटांचं काम आहे.

नाव नोंदवताना हे लक्षात ठेवा

अर्थाइतकीच नोंदही महत्त्वाची. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. तेव्हा नाव ठरलेलं नसलं तरी चालतं. नाव नंतर घालता येतं, पहिल्या 12 महिन्यांत शुल्काशिवाय आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. त्यामुळे रुग्णालयात घाईघाईने नाव सांगायची गरज नाही.

1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्म दाखला हाच जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा मुख्य पुरावा आहे. शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत तोच लागतो. आरवच्या बाबतीत इंग्रजीत एक 'ए' की दोन, हे आधीच ठरवा आणि दाखला, आधार, शाळा सगळीकडे तेच ठेवा. एका अक्षराच्या फरकासाठी पुढे प्रतिज्ञापत्रं आणि हेलपाटे होतात.

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. चारही नावं एकत्र म्हणून पाहा. नाव कसं वाटतं ते तेव्हाच कळतं.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'आरव'चा अर्थ 'शांत' आहे का?
नाही. आवाज, नाद, आरोळी हा अर्थ आहे.

'अरव' असं नाव ठेवलं तर?
त्याचा अर्थ निःशब्द, आवाज नसलेला असा होईल. पण लोक ते आरवच समजतील आणि तसंच लिहितील.

शांत या अर्थाचंच नाव हवं असेल तर?
नीरव, प्रशांत, शंतनू अशी नावं पाहता येतील. 'शंतनू'मधल्या 'शं'चा अर्थ कल्याण, शांती असा घेतला जातो.

आम्ही 'शांत' समजून मुलाचं नाव आरव ठेवलंय. आता काय?

या शेवटच्या प्रश्नासाठीच खरं तर हा लेख. नाव बदलायची काहीही गरज नाही. उलट अर्थ कळल्यावर नाव जास्त आवडेल.

बाळ जन्मल्यावर डॉक्टरांपासून बाहेर येरझाऱ्या घालणाऱ्या आजोबांपर्यंत सगळे कशाची वाट पाहतात? त्याच्या पहिल्या रडण्याची. त्या क्षणी कुणालाही शांतता नको असते. तो पहिला टाहो ऐकू आला की सगळ्यांच्या जिवात जीव येतो. त्या टाहोलाच संस्कृतमध्ये आरव म्हणता येईल. पुढे बाराव्या दिवशी आत्या पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करते आणि नाव सांगते, तेही एक आवाजच.

तेव्हा आरवने विचारलं, "आई, माझ्या नावाचा अर्थ काय?", तर त्याला सरळ सांगा, "आवाज. तू आलास आणि घरात आवाज आला." आणि तो दिवसभर घर डोक्यावर घेत असेल, तर त्याला दोष देऊ नका. नाव तुम्हीच ठेवलंय!